कानाने वाचलेली खतावणी



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरातला उकाडा सोडून माणसांनी चार जणांत बसावे आणि दुसऱ्याचे बोलणे ऐकावे, ही रीत पुढे गावोगाव पसरली. या रीतीविषयी आम्हांला विशेष आपुलकी वाटते, आणि तिचे कारण थोडे स्वार्थी आहे. नाटकाला गेलो तर रंगमंचावर काय चालले आहे ते शेजारच्याने आमच्या कानात सांगावे लागते. व्याख्यान हे सर्वस्वी कानाचे काम. या मंडपात आपण आणि आम्ही तासभर एकाच पातळीवर आहोत.

आमच्या भाषणाचा विषय चिटणीसांनी विचारला तेव्हा आम्ही ‘संगणकावरील हिशेबाचा तक्ता’ असे सांगितले. चिटणीस क्षणभर थबकले. आंधळ्या माणसाने बोलावयाचे तर संगीतावर बोलावे, नाहीतर अध्यात्मावर, अशी त्यांची समजूत असावी. त्यांचाही दोष नाही. आमच्याकडे अंध म्हटले की गुलाबराव महाराजांचे नाव निघते. नवव्या महिन्यात दृष्टी गेलेल्या आणि १९१५ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवलेल्या त्या पुरुषाने एवढी ग्रंथरचना केली की लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. परंतु प्रज्ञाचक्षू व्हावयाचे सर्वांच्या नशिबी नसते. काही आंधळ्यांना नुसते कारकून व्हावयाचे असते, आणि आज त्यांची बाजू मांडावयास आम्ही उभे आहोत.

प्रथम तक्ता म्हणजे काय ते सांगतो. आपल्यापैकी कचेरीत काम करणाऱ्यांना एक्सेल हे नाव ठाऊक असेल. उभे रकाने आणि आडव्या ओळी, त्यांच्या छेदांतून झालेली घरे, आणि प्रत्येक घराला त्याचा पत्ता. पहिल्या रकान्यातले पहिले घर ते ए-१, दुसऱ्या रकान्यातले सातवे ते बी-७. डोळस माणूस या पटावरून एकदा नजर फिरवतो आणि कोठे काय आहे ते त्याला एकदम कळते. आम्हांला एकदम काहीच कळत नाही. आमच्या संगणकात एक बोलणारी आज्ञावली असते, तिला स्क्रीनरीडर म्हणतात. आम्ही ज्या घरावर उभे असू तेवढे एकच घर ती वाचते. ‘सोयाबीन, डी सात.’ बाण दाबला की पुढचे घर. म्हणजे डोळसाला जे मैदान आहे ते आम्हांला एका माणसापुरती पाऊलवाट आहे, आणि मैदानाचा नकाशा आम्हांला चालत चालत मनात काढावा लागतो.

हे ऐकून कोणाला कीव आली असल्यास ती थोडा वेळ राखून ठेवावी. कारण एका वेळी एकच आकडा कानावर घेऊन बाकीचे मनात धरणे हा आपल्याकडील हिशेबाचा जुनाच मार्ग आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी या गोष्टी आपल्या आजोबांनी डोळ्यांनी शिकलेल्या नाहीत, घोकून आणि ऐकून शिकलेल्या आहेत. आम्ही स्वतः अंधांच्या शाळेत टेलर फ्रेमवर गणित केले. अष्टकोनी भोकांची ती पाटी आणि धातूचे छोटे खिळे. खिळा कोणत्या कोनात बसवला यावरून तो आकडा कोणता ते बोटांना कळते. एकाखाली एक आकडे मांडून बेरीज करावयाची ती त्या भोकांतून. पुढे एक्सेलचा तक्ता प्रथम कानावर पडला तेव्हा आम्हांला वाटले, ही तर आपली ओळखीची पाटी, फक्त अफाट मोठी.

किती मोठी ते आम्हांला पहिल्याच आठवड्यात कळले. कंट्रोलची कळ दाबून धरून खालचा बाण दाबला की माहिती जेथे संपते तेथे आपण एका उडीत जातो. ही उडी आम्ही चुकून रिकाम्या रकान्यात मारली. मध्ये अडवावयास काहीच नव्हते. आवाज आला, ‘ए, दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर.’ तो तक्त्याचा तळ. २००७ च्या आवृत्तीपासून एवढ्या ओळी असतात. त्याआधी पासष्ट हजार पाचशे छत्तीसच असत. विहिरीत पडल्यावर माणसाला घाम फुटावा तसा आम्हांला फुटला. शिकविणारे गृहस्थ हसले आणि म्हणाले, ‘कंट्रोल आणि होम दाबा.’ दाबले, आणि ‘ए एक’ असा आवाज आला. घरी पोहोचलो. त्या दिवसापासून ही जोडी आमच्या बोटांत बसली आहे. रस्ता चुकला की आधी होम.

परक्या घरी गेलेला आंधळा मनुष्य प्रथम भिंती चाचपतो, तसेच परका तक्ता हाती आला की आम्ही करतो. कंट्रोल-होमने वरचा कोपरा, कंट्रोल-एंडने खालचा कोपरा. म्हणजे घर केवढे आहे ते समजले. मग पहिल्या ओळीतून उजवीकडे चालत रकान्यांची नावे ऐकून घ्यावयाची. एकदा ती नावाची ओळ कोणती हे स्क्रीनरीडरला सांगून ठेवले की पुढे रकाना बदलताच ती स्वतःच नाव सांगते, ‘वजन’, ‘भाव’, ‘हमाली’. दुरुस्ती करावयाची तर एफ-२ ही कळ. ती न दाबता घरात काही टाइप केले की आधीचे सगळे पुसले जाऊन नवे बसते. नवशिक्यांचा निम्मा घात येथे होतो. एफ-२ दाबून आत शिरले की एकेक अक्षर ऐकू येते, चुकीचे काढावे, बरोबरचे घालावे, आणि मनात शंका आली तर एस्केप दाबून हात न लावल्यासारखे बाहेर पडावे. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरीचे चिन्ह, आजच्या तारखेला कंट्रोल आणि अर्धविराम. अशा पन्नास-साठ जोड्या बोटांना पाठ असल्या की दिवसाचे काम होते. कळफलकावर एफ आणि जे या दोन कळांना बारीक उंचवटा असतो, तो चाचपून हात जागेवर ठेवले की बाकीच्या कळा आपोआप सापडतात. हा उंचवटा आमच्यासाठी केलेला नाही, सर्वच टंकलेखकांसाठी आहे. घरी गेल्यावर बोट फिरवून पाहावे.

आता कोणी म्हणेल, उंदीर फिरवून चटकन होणाऱ्या कामासाठी एवढ्या कळा पाठ करणे म्हणजे आंधळ्यांसाठी काढलेली पळवाट आहे. इतिहास निराळे सांगतो. असा तक्ता घरगुती संगणकावर प्रथम आला तो १९७९ साली, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिसिकॅल्कच्या रूपाने. त्याला उंदीर नव्हताच. तिरकी रेघ असलेली कळ दाबली की आज्ञांची यादी येई आणि अक्षर दाबून आज्ञा द्यावयाची. १९८३ च्या लोटस १-२-३ चीही तीच तऱ्हा. डोळस हिशेबनीसांची एक सबंध पिढी केवळ बोटांवर हे काम करीत होती. उंदीर आणि चित्रांचे पडदे घरोघर आले ते नंतर. गंमत अशी की आजच्या एक्सेलमध्येही तिरकी रेघ दाबली तर आज्ञांची यादी उघडते. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा नव्या इमारतीत तसाच ठेवावा त्याप्रमाणे.

चित्रांच्या पडद्यांनी अंधांना मात्र काही काळ बाहेर ठेवले. अक्षरांचा पडदा वाचून दाखविणे सोपे होते. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंता टेड हेंटर यांनी १९८९ साली जॉज ही वाचक आज्ञावली काढली होती. खिडक्यांच्या पडद्यासाठी तिची आवृत्ती येण्यास १९९५ उजाडले, आणि तिची किंमत आमच्यासारख्याच्या वर्षभराच्या मिळकतीशी भांडणारी. मग २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए नावाची आज्ञावली सुरू केली, जेम्स टेह हा त्याचा दुसरा अंध मित्र तीत सामील झाला, आणि दोघांनी ती जगाला फुकट दिली. ती मराठीही बोलते. उच्चार असा की आजी ऐकेल तर ‘हे कोण परप्रांतीय?’ असे विचारील. परंतु मराठवाड्यातल्या खेड्यातील अंध मुलाला संगणकावर बसता येते ते या फुकट परप्रांतीयामुळे, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

येथवर सगळे सुरळीत वाटले असेल. आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आजही आमचे कान तापतात.

नांदेडला परत येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही लातूरच्या बाजारात एका आडत दुकानावर हिशेब लिहीत होतो. लातूरचा बाजार आपणांस सांगावयास नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास औसा, निलंगा, रेणापूर अशा सर्व बाजूंनी सोयाबीनची वाहने येऊन लागतात, सौदा निघतो, माप होते आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. पट्टीचा आधार म्हणजे आमचा तक्ता. अनुक्रमांक, नाव, गाव. मग कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम. तक्त्याचा नमुना आमच्या आधीच्या माणसाने केलेला. त्याने गाव आणि कट्टे यांच्या मध्ये एक रकाना कोरा सोडला होता. का, तर कागदावर छापल्यावर मोकळे दिसते, शोभते.

एका संध्याकाळी मालकांनी नावे अकारविल्हे लावावयास सांगितली. त्रेचाळीस नावे होती. आम्ही नावाच्या रकान्यात उभे राहून ऑल्ट, मग ए, एस, ए अशा कळा दाबल्या, नावे ओळीने लागलेली ऐकली, फाइल जतन करून बंद केली आणि घरी गेलो. संगणकाची रीत अशी की ज्या घरावर आपण उभे असतो त्याला लागून असलेली भरलेली घरे मिळून तो एक तक्ता समजतो, आणि कोरा रकाना लागला की थांबतो. कोऱ्या रकान्याच्या अलीकडची नावे, गावे, अनुक्रमांक हलले; पलीकडचे कट्टे, वजन आणि रक्कम जागच्या जागी राहिली. म्हणजे त्रेचाळीस माणसांच्या डोक्यांवर एकमेकांची पागोटी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या निघू लागल्या. तीन दिल्या. चौथी पट्टी औशाकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याची होती. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून आम्ही ती वाचून दाखविली. ते शांतपणे म्हणाले, ‘मुनीम, माझं सतरा कट्टे व्हतं की ओ. नऊ कसं झालं?’

श्रोतेहो, त्या क्षणी काय झाले असावे ते आमच्या ध्यानात आले, आणि हात थंड पडले. जतन करून बंद केलेल्या फाइलीला कंट्रोल-झेड लागू पडत नाही. आम्ही म्हटले, ‘मामा, पाच मिनिटं बसा.’ वाचविले ते अनुक्रमांकाने. नावाबरोबर अनुक्रमांकही हलले होते. म्हणून तोच भाग अनुक्रमांकाप्रमाणे पुन्हा लावला आणि ज्याचे नाव त्याच्या रकमेसमोर येऊन उभे राहिले. सतरा कट्टे सापडले. परंतु आधीच्या तीन पट्ट्यांपैकी एक गृहस्थ स्वतःच्या मालाहून पुष्कळ जास्त रक्कम घेऊन गावी निघून गेले होते. त्यांना फोन केला. पुढच्या बाजाराला ते स्वतः आले, जादा पैसे मोजून दिले, आणि चहा घेऊन गेले. दुसरे दोघे अजून बाजारातच होते.

पैसे आले, तरी प्रश्न राहिला. मालक रागावले नाहीत. ते रागावते तर बरे झाले असते. ते म्हणाले, ‘मुनीमजी, तुमच्या हुशारीबद्दल शंका नाही. पण आजपासून पोरानं डोळ्यानं एकदा पाहिल्याशिवाय पट्टी फाडायची नाही.’ दुकानात वजन लिहावयास एक मुलगा होता, तो आमच्या शेजारी बसू लागला.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. चूक आमची होती हे आधी कबूल करतो. लावणी करण्यापूर्वी कंट्रोल-ए दाबले असते तर ‘ए एक ते सी चव्वेचाळीस’ असे ऐकू आले असते, आणि रकमेचा रकाना त्यात नाही हे कळले असते. तेव्हापासून ते ऐकल्याशिवाय आम्ही एकही तक्ता हलवीत नाही. परंतु चूक डोळे नसल्यामुळे झाली असे जे सर्वांना वाटले, ते आम्हांला तेव्हाही पटले नाही. हीच चूक डोळस माणसे नित्य करतात. त्यांची सापडली तर निष्काळजीपणा म्हणतात, आमची सापडली तर आंधळेपणा म्हणतात. शोभेसाठी सोडलेल्या त्या कोऱ्या रकान्याला तर कोणी काहीच म्हणाले नाही.

त्याच हंगामात आणखी एक गोष्ट घडली. मुलाने एका रोजाचा तक्ता पाहून ‘ठीक आहे’ म्हटले. आम्ही खाली चालत होतो. ‘बी सत्तावीस’ ऐकले आणि पुढे ‘बी एकोणतीस’. अठ्ठाविसावी ओळ कोणीतरी लपवून ठेवली होती. डोळ्याला सत्तावीस आणि एकोणतीस शेजारी शेजारी दिसतात, मधली फट जाणवत नाही. कानाला आकडा गळलेला लगेच खटकतो, पाढे म्हणताना मुलाने एक घर गाळले की गुरुजींना खटके तसा. ती ओळ एका रेणापूरकराची होती. मुलाने मालकांना सांगितले. मालक ‘हं’ म्हणाले. आज्ञा त्यांनी मागे घेतली नाही. पुढे तो मुलगा शिकावयास पुण्याला गेला, आणि त्याच्या जागी शेजारी बसावयास मालकांनी दुसऱ्या कोणाला सांगितले नाही. एवढाच आमचा निकाल.

आता आम्ही नांदेडला एका कचेरीत आहोत. कचेऱ्यांत अंधांना जागा आहेत; २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना किमान चार टक्के, आणि त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांना. जागा मिळते, काम मिळत नाही, ही खरी तक्रार आहे. टेलिफोनशेजारी बसवून ठेवावयाचे आणि महिन्याअखेर पगार द्यावयाचा, यात दया आहे, पण माणूस कुजतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची हकीकत आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या या बाईंनी संगणकाच्या वाचकावर अभ्यास करून केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली; रेल्वेच्या हिशेब सेवेत नाव लागले, आणि दृष्टी नाही म्हणून ती नोकरी नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि प्रशासकीय सेवेत गेल्या. लक्षात घ्या, नाकारले गेले ते हिशेबाचेच काम.

आमच्या मेजावर जे तक्ते येतात त्यांतले काही तर केवळ पाहावयाचेच असतात. ‘पिवळ्या रंगातील गावांची माहिती तातडीने पाठवावी.’ पिवळा रंग आमच्या कानात वाजत नाही. प्रत्येक घरावर थांबून रंग विचारता येतो, पण चारशे गावे असली तर कामाचा दिवस रंग विचारण्यातच जातो. त्याऐवजी एक रकाना वाढवून ‘बाकी’ असा शब्द लिहिला तर एका चाळणीत ती गावे बाजूला निघतात, आमच्यासाठी आणि डोळसांसाठीही. कोणी मथळा मोठा दिसावा म्हणून आठ घरे एकात विलीन करतो. तेथे आमचा रकाना निवडावयास जावे तर आठही रकाने गळ्यात पडतात. कोणी तक्त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि आमचा स्क्रीनरीडर प्रामाणिकपणे सांगतो, ‘चित्र’.

सर्वांत विचित्र प्रकार मराठीचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तीत देवनागरी होती. तरी आमच्याकडे पुष्कळ जुने तक्ते अशा फाँटमध्ये आहेत की ज्यांच्या पोटात इंग्रजी अक्षरे असून अंगावर फक्त मराठी अंगरखा असतो. अशाच एका फार प्रचारातल्या फाँटमध्ये ‘राम’ हा शब्द आत ‘जे, के, ई’ असा साठवलेला असतो. आपणांस पडद्यावर राम दिसतो; आम्हांला ‘जे के ई’ ऐकू येते. एका यादीत गावांची नावे अशी होती. मुदखेड कोणते, भोकर कोणते, कंधार कोणते, काही कळेना. शेवटी आम्ही ती इंग्रजी अक्षरेच पाठ केली आणि जे-के-ई म्हणजे राम हे समजून काम उरकले. मोडी वाचणाऱ्या जुन्या कारकुनाने आम्हांला गडी म्हणून पसंत केले असते. परंतु आता ती यादी आम्ही बदलाच्या आज्ञावलीतून युनिकोडमध्ये आणून ठेवली आहे, आणि कचेरीतल्या डोळस मंडळींना तीत एखादे नाव शोधावयाचे झाले की आता ते सापडते. पूर्वी त्यांनाही सापडत नसे.

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याने आपणहून विचारले, ‘साहेब, हा तक्ता पाठवण्याआधी काय काय बघू?’ आम्ही म्हटले, ‘मधे कोरा रकाना ठेवू नका, एवढं आधी बघा.’ त्याला त्याचे कारण सांगितले नव्हते. आज आपल्याबरोबर त्यालाही कळले, कारण तो तिसऱ्या रांगेत बसला आहे असे त्याच्या खोकल्यावरून वाटते.

अध्यक्षांची घंटा झालेली आम्ही ऐकली. लॅपटॉप आम्ही बरोबर आणला आहे आणि तो या मेजावर ठेवतो. लातूरच्या त्या नमुन्यासारखा, खोटी नावे घातलेला एक तक्ता त्यात उघडा आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी यावे, डोळे मिटावे, कानांत यंत्र घालावे आणि सतरा कट्टे कोणाचे आहेत ते शोधावे. पडदा आम्ही काळा करून ठेवला आहे, तेव्हा चोरून पाहता येणार नाही. वाट चुकली तर कंट्रोल आणि होम.